पालथं ताट

३ फेब्रुवारी

राजे,

धर्मखात्याचं पत्र पोचलं. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा, खाली गोल शिक्का आणि शिक्क्याच्या पोटात तुझी सही. पद केवढंही मोठं झालं तरी सहीचा शेवटचा फटकारा शाळेतलाच आहे. बाबांची सही प्रगतिपुस्तकावर तू स्वतःच मारायचास ना, तोच.

खात्याचं याआधीचं पत्र आलं ते बाबा गेल्यावर. तेही असल्याच कागदावर. 'आपल्या कुटुंबाच्या दुःखात खाते सहभागी आहे.' सख्ख्या मुलानं आईचं सांत्वन करायचं आणि त्यावर जावक क्रमांक घालायचा! तो कागद मी फाडून टाकला. तेव्हापासून मी लिहिलं नाही आणि तूही विचारपूस केली नाहीस. आजही बहीण म्हणून लिहीत नाहीये, प्रार्थनाघराच्या समितीची अध्यक्ष म्हणून लिहितेय. (हे खोटं आहे, पण सुरुवात अशीच करायची असं ठरवून बसले होते.)

मेल पाठवणार नाही. तुझ्या कचेरीत ती चार जण वाचतात असं ऐकलंय. घरच्या पत्त्यावर हा साधा कागद.

तर प्रस्ताव मला कळला तो असा. आपल्या पूर्वजांच्या देशातलं तुमचं सरकार इथलं आमचं जुनं प्रार्थनाघर पाडून नवं बांधून देणार. शेजारी मुलांची पाठशाळा, तीही नवी. खर्च सगळा तुमचा. बदल्यात गुरुजी तुमचे, पुस्तकं तुमची, दारावरच्या पाटीवर नाव तुमच्या राष्ट्राध्यक्षांचं. आमच्याकडे काम एकच, टाळ्या वाजवायचं.

गरज आहे, हे मी नाकारत नाही. आपलं प्रार्थनाघर पूर्वी टायरचं गोदाम होतं हे तुला आठवत असेल. अजूनही भिंतीला कान लावला तर रबराचा वास येतो, असं आई म्हणते. (कान लावल्यावर वास कसा येतो हे तिला विचारायची माझी हिंमत नाही.) छपराला ठिगळं लावून लावून आता मूळचं छप्पर कुठलं ते ओळखता येत नाही. मुलं तळघरात शिकतात आणि खोकतात. त्यातच आपले म्हातारे गुरुजी थकले, मुलीकडे राहायला गेले, आणि त्यांची जागा अजून रिकामी आहे. म्हणजे तुमचं पत्र अगदी वेळ साधून आलंय. तू पहिल्यापासून हुशारच.

पण आपल्याकडे गुरुजी कसे ठेवतात ते खातं विसरलं असेल, म्हणून उजळणी करते. आपल्या गुरुजींना पगार नसतो. वरची खोली राहायला, आणि जेवण वारानं, रोज एका घरी. वर्ष संपलं की प्रत्येक घर आपलं ताट घेऊन येतं आणि लांब टेबलावर मांडतं. उताणं ठेवलं तर 'पुढच्या वर्षीही या जेवायला'. पालथं ठेवलं तर 'आमच्याकडे नको'. पालथी जास्त झाली की गुरुजी सामान बांधतात. कोणताही मोठा प्रश्न असला तरी आपण असाच सोडवतो. याच प्रथेवर तू तिकडे गेल्यावर खात्याच्या मासिकात लेख लिहिला होतास. 'गुरूला भिकारी करणारी अडाणी पद्धत.' बाबांनी तो लेख चष्मा पुसून दोनदा वाचला आणि नंतर तुझं नाव काढलं नाही.

असो. तुमचा माणूस पाहणीला येतोय असं लिहिलंयस. येऊ दे. तुझं पत्र मी आईला दाखवलं. मजकूर तिनं वाचलाच नाही, सहीवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

ताई

२६ फेब्रुवारी

राजे,

तुमचे साहेब येऊन गेले. माणूस सज्जन, कोट इस्त्रीचा, बोलणं गोड. पण त्यांनी पहिल्याच दिवशी असा घोटाळा केला की लोक अजून सावरलेले नाहीत.

समितीचे सचिव म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, तुझी अक्कलदाढ काढलेले. त्यांच्या घरी दुपारचं जेवण ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. साहेब आले, बसले, आणि पान वाढल्यावर हात जोडून म्हणाले, "क्षमा करा, आमच्या नियमानुसार पाहुणचार स्वीकारता येत नाही. मी हॉटेलात जेवून आलोय."

मग साहेबांनी पिशवीतून थर्मास काढला आणि स्वतःचा चहा स्वतःच ओतून घेतला. त्यांना वाटलं, आपण केवढे प्रामाणिक, कुणाचं मिंधं झालो नाही! आणि आपल्या लोकांना वाटलं, यांनी आपल्या तोंडावर ताट पालथं केलं. डॉक्टरीणबाई आत जाऊन जी बसल्या त्या साहेब निघाल्यावरच बाहेर आल्या.

मी सावरायला गेले. म्हटलं, "साहेब, आमच्याकडे गुरुजी घराघरांत जेवतात, त्यामुळे जेवणाचं आम्हाला जरा जास्तच असतं."

ते म्हणाले, "ती अडचण आता राहणार नाही. नव्या गुरुजींना पगार, सदनिका आणि भोजनभत्ता आमच्याकडून मिळेल. तुम्हाला कुणाला त्रास नको."

"त्रास कुणी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण आम्ही समजून घेतो."

हे समजून घेणं मला फार झोंबलं, खरं सांगते.

मग नकाशा उलगडला. सुरेख चित्र, वाद नाही. पण भिंती हातभर जाड आणि खिडक्या म्हणजे वर छताजवळ नुसत्या फटी. मी विचारलं, उजेड कुठून येणार? म्हणाले, ऊन आत येऊ नये म्हणून ही खास रचना आहे, सगळ्या देशांत हाच नकाशा वापरतो. अरे, ऊन तुमच्याकडे आग ओकतं! इथे आम्ही ढगाआडून ऊन डोकावलं की खुर्च्या अंगणात काढतो. साहेबांनी माझी सूचना नोंदवून घेतली आणि सांगितलं की नकाशा बदलायचा अधिकार राजधानीला आहे.

तुला हे कळत असणार. तू इथे वाढलास. मग सही करताना खिडक्यांकडे तुझं लक्ष गेलं नाही?

ताई

१९ मार्च

राजे,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मला एकटीनं बोलायची सवय आहे. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईला समोरचा गप्प असला की बरंच वाटतं.

परवा मी मुद्दाम शेजारच्या शहरात जाऊन आले. तिथल्या आपल्या लोकांनी तुमचा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वीच घेतला. खोटं कशाला बोलू, बघून माझे डोळे दिपले. फरशी अशी की चप्पल काढताना आपल्या पायांची लाज वाटावी. वर्गात बाकं, फळे, गरम हवेची सोय. एकही मूल खोकत नव्हतं. आपल्या तळघरातली पोरं आठवली. त्या क्षणी कुणी कागद पुढे केला असता तर मी सही करून मोकळी झाले असते.

मग प्रार्थना झाली आणि गुरुजींचं प्रवचन सुरू झालं. तरुण मुलगा, आवाज छान. प्रवचन दर आठवड्याला राजधानीतून छापून येतं, त्यानं ते वाचायचं. त्या दिवशी तो डोळे मिटून म्हणाला, "आपल्या तहानलेल्या भूमीवर पाऊस पडो, अशी आपण सगळे मिळून प्रार्थना करू."

राजे, तिथे आठ दिवस पूर आलेला होता. लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून आले होते. माझ्या शेजारच्या बाईचं तळमजल्यावरचं शिवणकामाचं दुकान पाण्यात होतं. ती मान खाली घालून पाऊस मागत होती! मी तिला कोपरानं ढोसलं. "अहो, खरंच मागताय की काय?"

ती कुजबुजली, "मनात उलटं म्हणतेय."

आम्हा दोघींना असं हसू फुटलं की शेवटी बाहेर यावं लागलं. बाहेर पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "मुलगा वाईट नाही हो. पण त्याला कुणाच्या घरात पाणी शिरलंय ते माहीतच नसतं. कुणाकडे जातच नाही तो. आणि आम्हाला नको झाला तरी सांगायचं कुणाला?" मग माझं हसू जिरलं.

परत येताना गाडीत मला आपली शिकवायची गाडीच आठवत राहिली. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला वाटतं गाडी आपणच चालवतोय. पण दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो. मी तो दाबला की तो कितीही मोठा माणूस असो, गाडी थांबते. माझं पोट त्यावर चालतं म्हणून मला ते चांगलं ठाऊक आहे. आपल्या प्रार्थनाघरात तसला ब्रेक मला नको. शिकणारा निदान महिनाभरानं परवाना घेऊन मोकळा होतो.

इथल्या सरकारचंही ऐक. नगरपालिकेतल्या कारकुनानं मला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे परदेशी पैसा येतोय म्हणे? तुमची माणसं नक्की कुणाची?" मी म्हटलं, "तुमच्या बायकोला गाडी चालवायला मी शिकवली. तेव्हा नाही विचारलंत ते." गडी ओशाळला. इथले म्हणतात तुम्ही परके, तिकडचे म्हणतात तुम्ही आमचे, आणि छप्पर मात्र दोघांच्या भांडणात गळतंय.

मी मनाशी ठरवलंय. आपलं ताट पालथं. आणि मी एकदा ठरवलं की काय होतं ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

ताई

११ एप्रिल

राजा,

तुझं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. शिक्का नाही.

तू असं करायला नको होतंस. मी इतकी छान रागावले होते.

म्हणजे आमच्याकडे जे गुरुजी पाठवायचे ठरलेत, ते तू आहेस. आम्ही 'हो' म्हटलं तर उन्हाळ्यात तू इथे येणार, कायमचा. 'नाही' म्हटलं तर खातं तुला आणखी दूरच्या देशात पाठवणार आणि मग किती वर्षं ते तुझ्याही हातात नाही. 'ताई, आईचे किती दिवस उरलेत? हो म्हणवून घे,' असं लिहिलंयस. अक्षर शेवटी शेवटी वाकडं झालंय. रडत होतास का घाईत होतास?

मी दोन दिवस गाडी नीट शिकवू शकले नाही. एका शिकाऊ बाईनं लाल दिवा तोडला आणि माझा पाय ब्रेकवर पोचलाच नाही. नशीब समोर कुणी नव्हतं.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "तो येतोय का?" मग सांगून टाकलं. तिनं फडताळातून बाबांचं ताट काढलं आणि चिंच लावून घासत बसली. बाबा गेल्यापासून ते ताट कुणी वापरलेलं नाही.

मागच्या पत्रातली माझी फुशारकी तू विसर. मी तुझी बहीण आहे आणि मला तू परत हवा आहेस. माझं मत मी बदललेलं नाही, ताट मात्र बदलणार आहे. खिडक्यांच्या फटी चालतील. पावसाच्या प्रार्थनाही चालतील. उताणं ठेवीन आणि मान वर करून उभी राहीन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

येत्या रविवारी सकाळी ताटं मांडायची आहेत. डॉक्टर सगळ्यांसमोर प्रस्ताव वाचतील, तुझ्या नावासकट. तसंच हवं. आपल्याकडे लपवून काही होत नाही.

ताई

१८ एप्रिल

राजा,

हे पत्र बसून वाच.

प्रार्थनाघर भरलं होतं. ज्यांचे एरवी गुडघे दुखतात तेही आले होते. डॉक्टरांनी प्रस्ताव वाचला. नवी इमारत, नवी पाठशाळा, गरम हवा, पगार, भत्ता. शेवटी तुझं नाव वाचलं आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आई वयानं सर्वात मोठी, म्हणून पहिलं ताट आमचं. सगळे थांबले होते ते तिच्यासाठीच. ती जे करेल तेच बाकीचे करतील हे मला दिसत होतं, आणि मी मनातून खूश होते. म्हटलं, सुटलो.

ताट माझ्या काखेत होतं. मी टेबलाकडे निघाले तशी आई म्हणाली, "आण इकडे. माझ्या घरचं ताट मी ठेवीन."

मी दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, पदरानं पुसलं, आणि टेबलावर पालथं ठेवलं.

मी पुटपुटले, "आई, चुकून उलटं ठेवलंस." मला खरंच तसं वाटलं. तिला हल्ली नीट दिसत नाही.

"मला दिसतंय," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. तिचा आवाज तुला माहीत आहेच, हळू, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पोरगा माझा आहे. तो यावा असं माझ्याइतकं इथे कुणाला वाटत नसेल. पण हा असा आला, तर माझ्याच गावात राहून भत्त्याचं जेवेल. माझ्या घरी जेवला तर त्याचा नियम मोडेल. आणि उद्या त्यांनी त्याला उचलून तिसरीकडे पाठवला, तर मी कुणाकडे जाऊन भांडू? एकदा नेलाय त्यांनी. दुसऱ्यांदा मी माझ्या हातानं देणार नाही."

मग ती खाली बसली. मी डोळे पुसत तिच्याजवळ गेले. मला म्हणाली, "तू रडू नकोस, अध्यक्ष आहेस."

पुढची ताटं पटापट पडली. पालथी, पालथी, पालथी. मध्ये थोडी उताणी. ज्यांची मुलं सर्वात जास्त खोकतात त्यांची, आणि त्यांना कुणी नावं ठेवायची नाहीत असं मी तिथेच सांगितलं. तुमचा प्रस्ताव पडला. खात्याला रीतसर पत्र वेगळं पाठवते आहे, आभारांसकट. साहेबांना म्हणावं, पुढच्या वेळी जेवून येऊ नका.

पण आई संपली नव्हती. लोक ताटं उचलायला लागले तशी तिनं हात वर केला. "थांबा. माझा एक प्रश्न मांडायचाय. पगार नाही, सदनिका नाही. वरची खोली आणि वाराचं जेवण. एक वर्ष. अशा बोलीवर तो आला तर कोण कोण जेवू घालेल?"

आणि राजा, तिनं उठून बाबांचं ताट उताणं केलं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच आपलं केलं. म्हणाल्या, "माझ्याकडे एक जेवण बाकीच आहे." मग टेबलभर खणखणाट. तू नव्हतास, नाहीतर तो आवाज ऐकून तू तुझा लेख स्वतःच फाडला असतास.

सगळी उलटली असं मात्र नाही. निवृत्त स्टेशनमास्तरांनी ताट पालथंच ठेवलं. ते बाबांचे मित्र. म्हणाले, "त्यानं आपल्याला अडाणी म्हटलंय. मी विसरलेलो नाही." बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या वाराला तू उपाशी राहशील किंवा त्यांचं दार स्वतः वाजवशील. त्यात मी पडणार नाही.

तर आता आमचा प्रस्ताव तुझ्यापुढे आहे. आम्ही तुला काहीही देऊ शकत नाही. छप्पर आम्हीच दुरुस्त करतोय, डॉक्टर शिडीवर चढतात आणि मी खालून ओरडते. मुलांना तळघरातून काढून माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात आणलंय. तिथे ऊब आहे. प्रार्थना पाठ करताना समोर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता असतो. काल एका मुलीनं विचारलं, "स्वर्गाच्या दारावर 'प्रवेश बंद' कुणासाठी असतं?" गुरुजी नसले की अशी पंचाईत होते.

तुला राजीनामा द्यावा लागेल. घर, मान, शिक्का, सगळं सोडावं लागेल. आणि वर्षाच्या शेवटी लोकांनी ताटं पालथी केली तर मी काही करू शकणार नाही, करणारही नाही. मी तुला 'ये' म्हणत नाही. मी काय मनात म्हणते ते तुला ठाऊक आहे.

उत्तर साध्या कागदावर पाठव.

ताई

३० मे

राजा,

तुझं पत्र मिळालं. साधा कागद, वहीतून फाडलेला. दुसरं काहीच लिहिलं नाहीस, फक्त विचारलंयस, 'स्टेशनमास्तरांचा वार कुठला?'

आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आला." आणि उठून वरच्या खोलीच्या गाद्या उन्हात घालायला गेली. मी म्हटलं, अगं, त्यानं येतो असं कुठे लिहिलंय? माझ्याकडे तिनं असं बघितलं, जसं मी शिकाऊ लोकांकडे बघते.

मास्तरांना मी तुझा कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो वाचून घडी घालून परत दिला. म्हणाले, "येऊ दे. मग बघू." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. त्यांचा वार गुरुवार. पहिला वार मात्र आपला, त्यावर आईनं कुणाचं ऐकलेलं नाही.

स्टेशनवर मी येईन. गाडी शिकवायचीच आहे, 'शिकाऊ' पाटीची. ती काढणार नाही. बाबांनी तुला शिकवायचा किती प्रयत्न केला आणि तू परीक्षा न देताच निघून गेलास. तेव्हा उतरलास की सरळ स्टिअरिंगवर बस. रस्ता तुझ्या ओळखीचा आहे, बाजारातून वळला की पुढे घर.

मी शेजारी बसेन. पाय सीटवर वर घेऊन.

ताई